पहिल्यांदा मैदानात जाऊन हॉकी बघणाऱ्याला काय काय दाखवाल?

आडवाट
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात दोन भाचरांना घेऊन हॉकीचे सामने बघायला जायचंय. धाकटा सहावीत, मोठी आठवीत. टोकियो आणि पॅरिस दोघांनी टीव्हीवर पाहिलंय, पण मैदानात बसून हॉकी बघायची ही त्यांची पहिलीच वेळ.

माझं मत आधीच सांगून टाकते. हॉकी मैदानाच्या कडेला बसूनच बघावी. टीव्हीवर चेंडू दिसतो, खेळ दिसत नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो आणि पलीकडच्या अंगाला बचावपटूच्या पाठीमागून हळूच सरकणारा फॉरवर्ड चौकटीबाहेरच राहतो. पास त्याच्याकडे गेला की घरी बसलेल्याला वाटतं, हा कुठून उगवला? मैदानात बसलेल्याला मात्र तो कधीचाच दिसलेला असतो, आणि "दे, दे, त्याला दे" म्हणून ओरडून त्याचा घसा बसलेला असतो. हे ओरडणं मला भाचरांना द्यायचंय.

मी शाळा-कॉलेजात लेफ्ट इन, म्हणजे डावीकडची आतली फॉरवर्ड, खेळायचे, गवत कमी आणि माती जास्त अशा मैदानावर. चेंडू स्टिकच्या बरोबर मधोमध बसला की हाताला काहीच जाणवत नाही, फक्त आवाज येतो. त्या आवाजासाठी आम्ही सरावानंतर अंधार पडेपर्यंत थांबायचो.

तर, त्यांना कुठे बसवू? कशाकडे बघायला सांगू? आणि त्या निमित्ताने तुमच्या आठवणीही येऊ द्या. खेळलेल्या, पाहिलेल्या, ऐकलेल्या, सगळ्या.

राईटहाफ
सुंदर विषय! बसण्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: गोलच्या बाजूचा कोपरा, आणि तोही त्या गोलवर चढाई करणाऱ्या संघाच्या उजव्या हाताचा.

कारण स्टिकमध्ये आहे. स्टिकची फक्त डावी बाजू सपाट, चेंडू तिनेच खेळायचा. पाठीमागची गोलसर बाजू लागली की फाऊल. त्यामुळे उजव्या बाजूने धावणाऱ्याला चेंडू डावीकडे, म्हणजे डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) मारणं अगदी सहज जमतं. डावीकडून येणाऱ्याला एकतर अंग वळवावं लागतं नाहीतर रिव्हर्स, म्हणजे उलटी फिरवलेली, स्टिक वापरावी लागते. म्हणून बऱ्याच चांगल्या चढाया उजवीकडून येतात. राईट इन (आतला फॉरवर्ड), राईट आऊट (कडेचा) आणि मागून मी, अशी आमची तिघांची साखळी होती. मी चेंडू दिला की लगेच बाहेरून पळत सुटायचो. परत मिळेल की नाही हे माहीत नसायचं, पण माझ्या पळण्यामुळे एक बचावपटू खेचला जायचा आणि आतल्याला जागा मिळायची. त्या पळण्याचं कौतुक टीव्हीवर कधीच होत नाही. कोपऱ्यात बसलेला माणूस ते करतो.

आणखी एक फायदा. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, आता त्याच गोलवर दुसरा संघ चाल करतो आणि त्याचीही उजवी बाजू तोच कोपरा असते. जागा न सोडता दोन्ही संघांचे विंगर जवळून बघायला मिळतात.

घुबड
मग डावखुऱ्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी उलटी स्टिक नसते का?

टप्पा
नसते. मी डावखुरा आहे आणि त्याच स्टिकने खेळलो. खरं सांगायचं तर आमचा फायदाच होतो. स्टिक फिरवायचं सगळं काम वरच्या हाताचं, म्हणजे डाव्या हाताचं. उजवा हात खाली नुसता आधार द्यायला आणि जोर लावायला. शाळेत आमच्या सरांनी पहिले काही दिवस उजवा हात पाठीमागे बांधल्यागत ठेवायला लावला होता. एका डाव्या हाताने चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. इतरांचं मनगट दुखायचं, माझं नाही.

रेडिओवाला
आडवाट, तुमच्या मताचा पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हॉकी सामना मी पाहिलेलाच नाही. ऐकला.

१५ मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. रेडिओवर जसदेव सिंग. त्यांचा वेग असा की चेंडू त्यांच्या बोलण्याच्या पुढे जाऊच शकायचा नाही. वाड्यातले सगळे एका खोलीत. त्याआधी उपांत्य सामन्यात मलेशियाने आपल्याला जवळजवळ घरी पाठवलं होतं. १-२ ने मागे असताना बदली म्हणून आलेल्या अस्लम शेर खानने पेनल्टी कॉर्नरवर (बचावाच्या फाऊलबद्दल बेसलाइनवरून मिळणाऱ्या संधीवर) बरोबरी साधली. मारण्याआधी त्याने गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं होतं, हे नंतर वाचलं. मग जादा वेळेत हरचरण सिंगचा गोल. त्यामुळे अंतिम सामन्याला बसताना सगळ्यांचे जीव आधीच टांगणीला लागलेले.

पाकिस्तानने पहिला गोल केला. सुरजित सिंगने बरोबरी केली. आणि मग अशोक कुमारचा तो गोल! चेंडू आत जाऊन खांबाला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला आणि पाकिस्तानी खेळाडूंनी पंचांना घेरलं. आम्हाला हे काहीच दिसत नव्हतं. नुसता गोंगाट आणि त्या गोंगाटातून जसदेव सिंगांचा आवाज. गोल की नाही, गोल की नाही... २-१. ध्यानचंदांच्या मुलाने विश्वचषक आणला. माझे आजोबा १९३६ च्या बर्लिनची ८-१ आम्हाला सांगायचे. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, उठून रेडिओला हार घातला.

मैदानातली हॉकी मोठी, हे खरंच. पण ऐकलेली हॉकी लहान नव्हे.

आडवाट
रेडिओवाला काका, रेडिओला हार! हा प्रतिसाद भाचरांना वाचून दाखवणार आहे. विरोध मान्य.

नीलमोहर
कुणीही अजून गोलकीपरबद्दल बोललं नाही, म्हणून मला लिहायलाच हवं. मी गोलकीपर होते.

मुलांना सांगा, निदान एक क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा भाग, चेंडू सोडा आणि गोलकीपरकडे बघत राहा. चेंडू समोरच्या गोलपाशी असतो तेव्हाही ती उभी नसते. पुढे येते, मागे जाते, खांबाला स्टिकने स्पर्श करून आपली जागा तपासते. आणि अखंड बोलत असते. "डावीकडे मोकळी आहे", "आत ये", "सोड, माझा". पूर्ण मैदान समोरून दिसणारी ती एकटीच, म्हणून बचाव तिच्या आवाजावर चालतो. टीव्हीवर हा आवाज समालोचनाखाली बुडतो. काठावर बसलात तर एकेक शब्द ऐकू येतो. मला सामना संपल्यावर दोन दिवस नीट बोलता यायचं नाही.

गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. फूटबॉलच्या गोलच्या बरोबर अर्धा रुंद, पण चेंडू साधारण १६० ग्रॅमचा आणि कडक. आम्ही सुरू केलं तेव्हा पॅड बांबूच्या कामट्यांचे आणि कापसाचे होते. पावसात भिजले की पाय उचलायचा म्हणजे कसरत. हेल्मेट संघात एकच होतं, तेही मोठं, हनुवटीखाली रुमाल कोंबून घालायचे. तरीही त्या दोन खांबांमधली जागा सोडून मला दुसरीकडे कुठे उभं राहावंसं वाटलं नाही. समोरची एकटी चेंडू घेऊन येतेय, आपण पुढे धावत जायचं, कोन कमी करायचा, आणि ती मारणार त्या क्षणी आडवं पडायचं. चेंडू पॅडवर आदळल्याचा धप्प आवाज आला की मग काही लागत नाही.

गंपू
म्हणजे कर्णधार कुणीही असो, आदेश गोलकीपरचेच.

नीलमोहर
गंपू, तेच तर!

झुंजार
आठवणी छान चालल्यात, पण एक कडू गोष्ट बोलतो. ज्या हॉकीच्या आपण आठवणी काढतोय ती गवताबरोबर गेली. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झालं आणि आपण सातवे आलो. वर्षभरापूर्वीचे विश्वविजेते! ड्रिबलिंग, मनगटाचं कसब, डमी हे सगळं गवतावर फुललं. टर्फवर उरलं ते पळणं आणि जोरात मारणं. मुलांना हे दाखवून काय मिळणार?

राईटहाफ
झुंजार, तुमचा राग कळतो, पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९८० चं मॉस्कोही टर्फवरच झालं आणि भास्करनच्या संघाने स्पेनला ४-३ ने हरवून सुवर्ण आणलं. मोहम्मद शाहिदचं ड्रिबलिंग टर्फवर कमी झालं नव्हतं.

झुंजार
मॉस्कोत बहिष्कारामुळे पाकिस्तान नव्हता, पश्चिम जर्मनी नव्हता. आणि दोनच वर्षांनी दिल्लीत, एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १-७. मी तो सामना टीव्हीवर पाहिला. वडिलांनी मध्येच टीव्ही बंद केला होता.

चांदणवेल
त्याच दिल्लीच्या एशियाडमध्ये आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकलं होतं, झुंजार. तेव्हा टीव्ही चालू ठेवायला हवा होता. :)

राईटहाफ
चांदणवेल, १००% अनुमोदन.

टर्फबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी दोन्हींवर खेळलोय. गवतावर चेंडू कसा येईल सांगता येत नाही. कुठे उसळेल, कुठे थांबेल. म्हणून खेळाडू चेंडू स्टिकजवळ ठेवायचा, लहान पास द्यायचा आणि शेवटच्या क्षणी मनगट वळवायचा. ते कौशल्य मैदानाने शिकवलेलं होतं. टर्फवर चेंडू सरळ येतो. चाळीस मीटरचा पास जमिनीलगत जसा मारला तसा पोचतो. मग जो संघ जागा लवकर शोधतो आणि सामनाभर एका वेगाने पळतो तो पुढे जातो. युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडे टर्फ भराभर आले, आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. आपला पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मातीत खेळायचा आणि मग त्याला एकदम टर्फवर उभं करायचे. जे हात उसळत्या चेंडूला सरावलेले, त्यांना वेगळाच खेळ नव्याने शिकायचा होता. नुकसान झालं ते असं. टर्फवर कसब मरतं म्हणून नव्हे.

आणि पहिल्यांदा पाणी मारलेल्या टर्फवर उतरलो तो दिवस! चेंडू ढकलला की मागे तुषारांची रेघ उठते. पाणी मारतात ते चेंडू जलद आणि सारखा सरकावा म्हणून, शिवाय पडल्यावर कातडी सोलवटून निघू नये म्हणून. कोरड्या टर्फवर घसरलेल्यांचे गुडघे मी पाहिलेत. त्या दिवशी साधा पुश केला आणि चेंडू थेट पलीकडच्या साइडलाइनबाहेर. सगळे हसले, मीही हसलो, आणि परत परत पुश करत राहिलो. हातात कुणीतरी नवा खेळ दिला होता.

भाचरांना सामना सुरू होण्याआधी पोचवा. टर्फवर पाण्याचे फवारे सुटतात ते बघण्यासारखं असतं.

झुंजार
मुलं मातीत शिकली आणि टर्फवर उभी केली, हे मान्य. मला राग त्याचाच आहे बहुतेक. पण तरी म्हणेन, धनराजला गवतावर बघायला हवं होतं.

टप्पा
खडकीचा धनराज पिल्ले! चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड. केस उडताहेत, डोकं खाली, स्टिक एका हातात आणि समोरचा बचाव मागे मागे सरकतोय. मी त्याला एकदा अगदी साइडलाइनवरून पाहिलंय. तो वेग टीव्हीवर कळत नाही, या बाबतीत मी आडवाटच्या बाजूने. तो शेजारून गेला तेव्हा त्याच्या श्वासाचा आवाज आला आणि मागोमाग बचावपटूच्या बुटांचा. पासची वाट बघताना तो सहकाऱ्यांवर जे ओरडायचा तेही ऐकलं, इथे लिहिण्यासारखं नाही. १९९८ ला बँकॉकच्या एशियाडमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून सुवर्ण आलं, त्या रात्री आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर स्टिका घेऊन नाचलो.

पंचकाका
मंडळी, उशीर झाला यायला. बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे, त्यामुळे मला खेळ तिसऱ्याच जागेवरून दिसला. खेळाडूंच्या मधून.

मैदानात दोन पंच असतात, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. मुलांना आमच्या हातांकडे बघायला सांगा. हात पुढे करून चालू ठेवलं की तो अॅडव्हान्टेज. फाऊल झालाय, पण ज्याच्यावर झालाय त्याची चाल चांगली चाललीय, मग थांबवायचं कशाला? पंचगिरीतला सगळ्यात मोठा आनंद मला शिट्टी न वाजवण्यात मिळाला. एखादा डिफेंडर स्टिकवर स्टिक मारतो, फॉरवर्ड अडखळतो, सावरतो, मी हात पुढे करतो, आणि पुढच्या तीन सेकंदांत गोल. शिट्टी वाजवली असती तर तो गोल जन्मालाच आला नसता.

झुंजारराव, गवत-टर्फ वादात एक गोष्ट राहून गेली. नियमांनीही खेळ बदलला. ऑफसाइड (बचावाच्या पलीकडे उभं राहण्यावरची बंदी) १९९८ पासून कायमचा गेला, त्यामुळे फॉरवर्ड आता अगदी गोलकीपरच्या समोर जाऊन उभा राहू शकतो आणि बचावाला मैदानभर पसरावं लागतं. २००९ पासून फ्री हिट (फाऊलबद्दल मिळणारा फटका) दुसऱ्याला पास न देता स्वतःच पुढे नेता येते. पूर्वी फाऊल झाला की सगळे दम खायचे, आता चेंडू ठेवला आणि पळाला. मला हा बदल फार आवडला. बघणाऱ्याला जांभई द्यायलाही वेळ नाही.

घुबड
आणि बुली? आमच्या शाळेत सामना बुलीने सुरू व्हायचा. स्टिका जमिनीला, मग एकमेकींना, तीनदा. शाळेत मी फक्त तेवढ्यासाठी सेंटर फॉरवर्ड व्हायला मागायचो.

पंचकाका
बुली अजून आहे, पण सामना सुरू करायला नाही. कुणाचाही दोष नसताना खेळ थांबला, म्हणजे दुखापत वगैरे, तर चेंडू कुणाच्याच ताब्यात नसताना बुली होते. आणि टकटक आता एकदाच.

वाटसरू
मी टीव्हीच्या बाजूने उभा राहतो, कुणीतरी राहायला हवं.

पेनल्टी कॉर्नर मला कळला तो स्लो मोशनमुळे. मैदानात बसलं की काय होतं? एकीने बेसलाइनवरून चेंडू ढकलला, डीच्या टोकाला कुणीतरी अडवला, धाडकन आवाज, गोल किंवा नाही. संपलं. टीव्हीने दाखवलं की ड्रॅग फ्लिकर चेंडू मारतच नाही. तो स्टिकच्या दांड्यावर घेऊन, अंग जमिनीला टेकेल इतकं वाकवून, लांब ओढत नेतो आणि मग भिरकावतो. चेंडू ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. कॉर्नरला पहिलाच फटका हिट असेल तर तो गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा वर जाता कामा नये, फ्लिकला मात्र ती मर्यादा नाही. म्हणून सगळे फ्लिक शिकले. पाकिस्तानचा सोहेल अब्बास, आपले संदीप सिंग, रुपिंदर, हरमनप्रीत.

आणि ५ ऑगस्ट २०२१! जर्मनी ३-१ ने पुढे, आपण ५-४ ने पुढे आलो, आणि शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. गोलकीपर श्रीजेशने अडवला. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक. नंतर तो गोलच्या वर जाऊन बसला. करोनामुळे तिथे प्रेक्षक नव्हते. तो सामना जगाला मिळाला तो टीव्हीमुळेच.

नीलमोहर
वाटसरू, श्रीजेशसाठी माझे सगळे गुण तुम्हाला. त्या दिवशी मी घरात जमिनीवर आडवी पडले होते, सवयीने.

पण पेनल्टी कॉर्नर मैदानातही कळतो, फक्त कुठे बघायचं हे माहीत हवं. चेंडूकडे बघू नका. गोलरेषेमागे उभ्या असलेल्या पाच जणांकडे बघा, गोलकीपर आणि चार बचावपटू. बाकीचे सगळे मध्यरेषेपलीकडे. चेंडू निघाला की त्यातला पहिला थेट फ्लिकरवर धावून जातो, मोहोळ उठल्यासारखे बाकीचे आपापल्या दिशेने. त्या पहिल्याला ठाऊक असतं की चेंडू आपल्या अंगावर येणार आहे. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड, तरीही. आमच्या वेळी मास्कही नव्हते. आमच्या संघात जी हे काम करायची तिच्या नडगीवर अजून खूण आहे, आणि भेटली की ती खूण मोठ्या अभिमानाने दाखवते.

चांदणवेल
मुलींच्या हॉकीबद्दल दोन शब्द. २००२ ची मँचेस्टरची राष्ट्रकुल स्पर्धा आठवते का कुणाला? अंतिम सामना इंग्लंडशी, त्यांच्याच घरी, आणि ममता खरबचा गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल). ३-२. मी तेव्हा कॉलेजात होते. दुसऱ्या दिवशी सरावाला नेहमीपेक्षा दुप्पट मुली आल्या होत्या. आमच्याकडे तेवढ्या स्टिका नव्हत्या, आळीपाळीने खेळलो.

मग टोकियो. २ ऑगस्टची सकाळ, उपांत्यपूर्व फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. गुरजित कौरचा एकच गोल आणि मग गोलकीपर सविताचा बचाव. एकामागून एक पेनल्टी कॉर्नर, एकामागून एक अडवलेले. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, ऑनलाइन वर्ग बंद करून माझ्या शेजारी येऊन बसली. मी काही बोलले नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-४ ने हरलो आणि मैदानावर मुली रडल्या, आम्हीही रडलो. चौथ्या क्रमांकावरच्या संघावर मी इतकं प्रेम कधी केलं नव्हतं.

आडवाट, मोठ्या भाचीला मुलींचा सामना नक्की दाखवा. एखादी मुलगी चेंडू घेऊन पंचवीस यार्डात, म्हणजे गोलसमोरच्या पट्ट्यात, शिरते तेव्हा कडेला बसलेल्या मुलींचे चेहरे बघा.

गंपू
शूटआऊटबद्दल कुणी लिहा की. माझा सगळ्यात आवडता भाग.

पंचकाका
लिहितो. बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल लावायला शूटआऊट. २३ मीटरच्या रेषेवर चेंडू, समोर फक्त गोलकीपर, आणि आठ सेकंद. आधी पेनल्टी स्ट्रोक असायचे, ६.४ मीटरवरून एक ढकल. ती बरीचशी अंदाजाची परीक्षा होती. आता आठ सेकंदांत फॉरवर्डला वळावं लागतं, फसवावं लागतं, मागे यावं लागतं. झुंजारराव, तुम्ही म्हणता ते मनगटाचं कसब आज कुठे आहे विचाराल तर इथे आहे. मुद्दाम बघा.

झुंजार
पंचकाका, पॅरिसचा ब्रिटनविरुद्धचा सामना पाहिला होता मी. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड आणि उरलेली चाळीसहून जास्त मिनिटं दहा जण. १-१. मग शूटआऊट ४-२. कबूल करतो, त्या दिवशी गवताची आठवण आली नाही.

वाटसरू
त्या सामन्यापुरता मी बाजू बदलतो. दहा जणांनी मैदान कसं झाकलं हे मला टीव्हीवर धड दिसलं नाही. कॅमेरा सारखा जवळ जायचा. तिथे वरच्या पायरीवर बसायला मिळालं असतं तर काय दिलं नसतं!

आडवाट
वाटसरू आमच्यात आले! :)

सगळ्यांचे मनापासून आभार. तर आता असं ठरवलंय: पाणी मारायच्या आधी पोचायचं, पूर्वार्ध राईटहाफ यांच्या कोपऱ्यात, तिसरा क्वार्टर वरच्या पायऱ्यांवर, म्हणजे संघांची मांडणी दिसेल. शेवटच्या क्वार्टरला पुन्हा खाली. गोलच्या मागे बसवायचा विचार होता, नीलमोहर काय म्हणता?

नीलमोहर
मागे उंच जाळी असेल तरच. जाळी नसेल तर अजिबात नको, रीबाउंड वर उडतो आणि मागच्या माणसाला तो येताना दिसत नाही. जाळी असेल तर सरावाच्या वेळी दहा मिनिटं तिथे न्या. गोलकीपरला कसं दिसतं ते कळेल.

आडवाट
जाऊन आलो!

लांबलचक लिहायला वेळ नाही, दोघं शेजारी बसून सांगताहेत काय काय लिही म्हणून. धाकट्याला सगळ्यात आवडले पंच. अॅडव्हान्टेजचा हात दिसला की तो उभा राहून ओरडायचा, "चालू आहे, चालू आहे!" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून त्याच्याशी हात मिळवला. मोठी पूर्ण दुसरा क्वार्टर गोलकीपरकडे बघत बसली आणि गोल झाला तेव्हा आमच्या आधी तिला कळलं होतं, कारण गोलकीपर ज्या बचावपटूवर ओरडत होती ती जागेवर पोचलीच नव्हती. आपल्या उजव्या कोपऱ्यातून आलेल्या चालीवर दोन गोल, राईटहाफ! सामना २-२.

आता मोठीला स्टिक हवी आहे. किती लांबीची घेऊ? आमच्या वेळी जी मिळेल ती, तुतीच्या लाकडाची, वजनदार.

टप्पा
उभं राहून स्टिक शेजारी धरली की वरचं टोक कमरेच्या हाडाशी आलं पाहिजे. "मोठी होईल" म्हणून लांब घेऊ नका, पाठ वाकवायची सवय लागत नाही. आणि हलकीच घ्या. नियमाने ७३७ ग्रॅमपर्यंत चालते, पण त्या वयाला तेवढी जड नको. शिनगार्ड आणि माऊथगार्ड त्याच दिवशी, नंतर नाही.

नीलमोहर
तिला एकदा विचारा तर खरं, स्टिक हवी आहे की पॅड?

आडवाट
विचारलं. म्हणते, दोन्ही.

राईटहाफ
मग आधी स्टिक. आणि पहिले काही आठवडे हिट मारू देऊ नका, फक्त पुश आणि अडवणं. डावा हात वर घट्ट, उजवा खाली सैल, डोकं चेंडूच्या वर. भिंत असेल तर भिंतीवर. चेंडू परत येईल तो रिव्हर्सने अडवायला लावा, मुलं ते टाळतात. जमलं की इथे कळवा, पुढचं सांगतो.